मासे पिकवणार कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. ही मागणी मुळात सातपाटीच्या मच्छीमारांची. बातमी ऐकून आम्हा पालघरकरांना आनंद झाला हे खरे, पण मागणीमागचे कारण काही आनंदाचे नव्हते. मोठे पापलेट मिळेनासे झाले होते आणि हाताएवढीसुद्धा न वाढलेली पिल्ले बाजारात येत होती. माशाला मान मिळाला तर त्याच्या रक्षणाकडेही लक्ष जाईल, असा त्या मागणीचा हेतू होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शासनाने ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट धरू नये, असा नियम झाला.

समुद्रातला मासा असा मोजूनमापून धरायची वेळ आल्यावर मासा पिकवण्याची गोष्ट आपोआप निघते. ती आता जगभर निघाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले की, २०२२ साली जगात मासे, कोळंबी, शिंपले अशा जलचरांचे पाळून घेतलेले उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन झाले. एकूण उत्पादनात ते ५१ टक्के भरले. पाळलेल्या जलचरांनी धरलेल्यांना मागे टाकल्याचे हे पहिलेच वर्ष.

मी इतिहासाचा शिक्षक. मला यात एक वेगळाच प्रश्न दिसतो. मासे धरणारा कोण, हे आपल्याकडे जन्मानेच ठरलेले होते. मासे पिकवणारा कोण, हे अजून ठरायचे आहे. ते ठरण्याआधी आपल्या किनाऱ्यावर कामाची वाटणी आजवर कशी झाली, याकडे एकदा नीट पाहायला हवे.

रुळांच्या दोन बाजू

आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता, आणि पालघर तालुक्याला इंग्रजी अमदानीत माहीम तालुका म्हणत. केळव्याजवळचे हे माहीम, मुंबईचे नव्हे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथल्या जातीजमातींची माहिती आहे. ती वाचताना पाणी आणि जमीन कशी वाटली गेली होती, हे डोळ्यांसमोर येते. समुद्रावर मांगेला आणि कोळी, खाडीत वैती, मिठागरांवर आगरी, बागायतीत वाडवळ आणि माळी, आणि आत डोंगराकडे वारली, कोकणा, दुबळा, धोडी. ज्याच्या त्याच्या हातात ज्याचे त्याचे काम, आणि त्या कामाचे ज्ञान बापाकडून मुलाकडे.

घराच्या आतही अशीच वाटणी होती. पुरुष होडीवर आणि बाई किनाऱ्यावर. मासळी निवडणे, सुकवणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, हिशेब सांभाळणे हे सगळे बाईचे. कोळणीच्या हातात पैसा असतो म्हणून ती स्वतंत्र, असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. पण होडी, जाळे आणि पुढे इंजिन तिच्या नावावर क्वचितच आले. मासळीचा भाव ती ठरवी, धंद्याचे भांडवल मात्र दुसऱ्याच्या नावावर असे.

१९४० च्या दशकात सातपाटीत मच्छीमारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. बर्फ, सूत, पुढे डिझेल, आणि मासळीची एकत्र विक्री यांमुळे दलालाची पकड सैल झाली. स्वातंत्र्यानंतर होड्यांवर इंजिने बसू लागली. इथल्या रुंद बांध्याच्या होडीला इंजिन चांगले मानवले, आणि जाणकारांच्या लिखाणात 'सातपाटी पद्धतीची होडी' हे नावच रूढ झाले. सरकारने मच्छीमार प्रशिक्षण केंद्रे काढली, त्यांतले एक सातपाटीला. तिथे नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवत. वाऱ्यावर जाणारा तांडेल इंजिन चालवू लागला, हा मोठा बदल होता. मात्र अशा वर्गात बसायचे तर उमेदवार क्रियाशील मच्छीमार असावा आणि त्याला पोहता यावे, अशा अटी असत. समुद्रावर जाणाऱ्यासाठी त्या योग्यच. पण त्यामुळे नवे ज्ञानही जुन्याच दाराने आत आले. मच्छीमाराचा मुलगा शिकला. त्याची बहीण शिकली नाही, आणि आतल्या पाड्यावरचा वारली मुलगाही नाही.

त्याच काळात रेल्वेच्या रुळांपासून आत, डहाणू-तलासरीच्या बाजूला काय चालले होते? १९४५ च्या मे महिन्यात झरी गावात किसान सभेच्या मेळाव्यात वारली जमले आणि वेठ करणार नाही असे म्हणाले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालची ही चळवळ. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. ती पद्धत त्या लढ्याने मोडली. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्याची हकीकत लिहिली आहे. एकाच जिल्ह्यात, एकाच दशकात, किनाऱ्यावरचा माणूस आपली सहकारी संस्था काढत होता आणि आतला माणूस आपल्या श्रमाला मोल असावे एवढ्यासाठी लढत होता. दोघांची सुरुवातच वेगवेगळ्या पायरीवरून झाली. आजही मत्स्यशेतीत संधी सर्वांना सारखी आहे असे कोणी म्हणते, तेव्हा मला ही १९४५ ची दोन चित्रे आठवतात.

खाजणातली शेती

खाऱ्या पाण्यात मासे वाढवणे हे आपल्याला परके नाही. खाडीकाठच्या जमिनीला बांध घालायचा, उघाडीतून भरतीचे पाणी आत घ्यायचे किंवा अडवायचे, ही कोकणची जुनी विद्या. भाताचे पीक निघाल्यावर खाजणात पाणी घेतले की त्याबरोबर कोळंबी आणि बोय येतात, उघाडीच्या तोंडाशी जाळे लावून ते धरायचे. पेण-अलिबागकडे तळ्यांत जिताडा वाढवतात. गोव्यात खाजनाच्या दाराला मानस म्हणतात, तिथेही हीच रीत. १९४८ चा खारभूमी कायदा आणि मग १९७९ चा महाराष्ट्राचा कायदा, दोन्ही या बांधांसाठीच झाले. मात्र कायद्याच्या नजरेपुढे भातशेती होती. उघाडीवरची मासळी हा वरकड लाभ होता.

१९९० च्या सुमारास चित्र बदलले. टायगर कोळंबीला परदेशात भाव आला आणि देशाच्या पूर्व किनाऱ्यावर तळी खोदली जाऊ लागली. पैसा आला तसे तंटेही आले. गोड्या विहिरी खारावल्या, भातशेते गेली, मच्छीमारांची वाट अडली. १९९४ पासून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळीच्या तळी बसली. तामिळनाडूतले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ११ डिसेंबर १९९६ ला न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि सगीर अहमद यांनी निकाल दिला. किनारा नियमन क्षेत्रातले कोळंबी प्रकल्प हटवा, पारंपरिक पद्धतीचे तेवढे राहू द्या, असा त्याचा गाभा. या निकालातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बंद होणाऱ्या प्रकल्पांतल्या कामगारांना नेहमीच्या भरपाईखेरीज सहा वर्षांचे वेतन द्यावे, असेही न्यायालयाने म्हटले होते. तळ्यावर राबणारा माणूस हाही या धंद्याचा एक पक्ष आहे, हे तिथे लिहिले गेले. पुढे पुनर्विचाराचे अर्ज झाले, २००५ मध्ये किनारी जलशेतीसाठी स्वतंत्र कायदा आणि प्राधिकरण झाले, आणि तो निकाल जसाच्या तसा अमलात आला नाही. कामगाराचा मुद्दा तर मागेच पडला.

योगायोग पाहा. याच निकालाच्या आधी काही आठवडे, त्याच न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्यासमोर आपल्या डहाणूचा खटला चालला होता. त्यातून डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. म्हणजे किनाऱ्यावर काय असावे आणि काय नसावे, या वादाची दोन टोके एकाच वर्षी एकाच न्यायासनापुढे आली होती.

२००९ मध्ये देशात व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली. ही मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. ती दाट ठेवता येते आणि साधारण चार महिन्यांत काढता येते. पालघर-डहाणूच्या खाडीकाठी तळी दिसू लागली, त्यांत फिरणारे एरेटरही दिसू लागले.

आता या तळ्यावर कामे कोणती असतात ते बघू. तळे सुकवून चुना घालायचा, पाणी गाळून घ्यायचे, बहुधा आंध्र किंवा तामिळनाडूतल्या हॅचरीतून आलेले बीज हळूहळू तळ्याच्या पाण्याला सरावून सोडायचे. दिवसातून चार वेळा खाद्य. कोपऱ्यांत बुडवलेले ट्रे उचलून पाहायचे, खाद्य उरले का, कोळंबीचे आतडे भरलेले आहे का, अंगावर डाग आहेत का. पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वात कमी होतो. त्या वेळी वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला, तर सकाळी तळ्यावर मेलेली कोळंबी तरंगते. लाखोंचे पीक त्या अर्ध्या तासावर अवलंबून असते.

आणि त्या पहाटे तळ्यावर जागा कोण असतो? बांधावरच्या झोपडीत राहणारा राखणदार आणि त्याची बायको. मी पाहिले त्या बहुतेक ठिकाणी हे कुटुंब आदिवासी असते. जमीन एकाची, भांडवल दुसऱ्याचे, तंत्रज्ञ अनेकदा परराज्यातला, आणि रात्रीचे जागरण या जोडप्याचे. कोळंबी पृष्ठभागावर येऊन घुटमळू लागली की पाण्याचे काहीतरी बिनसले, हे ते यंत्राआधी ओळखतात. पण पाच-सहा हंगाम काढल्यावरही तो राखणदारच राहतो. बायकोचे नाव तर हजेरीतसुद्धा नसते, दोघांचा मिळून एकच पगार. कोळंबी काढायच्या दिवशी बर्फ टाकायला आणि माल निवडायला बायका रोजाने येतात, संध्याकाळी परत जातात. अन्न व शेती संघटनेच्या २०२४ च्या अहवालात हेच जागतिक प्रमाणात दिसते. मासे धरणे आणि पाळणे या कामात बायका २४ टक्के, प्रक्रियेच्या कामात ६२ टक्के.

याच पाड्यांवरची तरुण मुले पावसाळा सरला की ओखा, पोरबंदर, वेरावळ गाठतात आणि तिथल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. गावात काम नाही म्हणून जातात. त्यांतले काही पाकिस्तानच्या ताब्यात सापडतात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात. भारत आणि पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. आमच्या डहाणू-तलासरीतल्या कितीतरी आया त्या तारखांची वाट पाहत असतात. मत्स्यशेतीतल्या रोजगाराचा विषय माझ्यासाठी म्हणूनच कागदावरच्या योजनेचा नाही. घरापासून चार कोसांवर कायमचे, बढतीचे काम असते, तर यांतले किती जण समुद्राच्या त्या रेषेपर्यंत गेले असते?

बोईसरने दाखवलेली शिडी

इथे बोईसर-तारापूरकडे वळू. २८ ऑक्टोबर १९६९ ला देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्यांच्या पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षे चालला. बोईसरला औद्योगिक वसाहत झाली. रसायने, कापड, औषधे, पोलाद. तिने हजारोंना रोजगार दिला, हे नाकारता येणार नाही. आणि तिने एक पद्धतही आणली. आयटीआयचा दाखला, मग ॲप्रेंटिस, मग ऑपरेटर, मग सुपरवायझर. कोणत्या पायरीवर काय यावे लागते आणि किती पगार मिळतो, हे सगळ्यांना माहीत असते. मांगेल्याचा मुलगा असो की वारल्याचा, फिटरचा दाखला दोघांनाही सारखाच. वशिला, कंत्राटी कामगारांची पिळवणूक, अपघात हे सगळे तिथेही आहे. तरीही तिथे शिडी आहे. मत्स्यशेतीत मात्र वर पदवीधर आणि खाली राखणदार, मधल्या पायऱ्याच नाहीत.

शिक्षणाची सोय नाही असेही नाही. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे, १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रत्नागिरीला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. तिथून उत्तम शास्त्रज्ञ आणि अधिकारी निघाले. पण दहावी झालेल्या, तळ्यावर चार हंगाम काढलेल्या मुलीला 'हॅचरी सहायक' किंवा 'पाणी तपासनीस' असा सर्वत्र मानला जाणारा दाखला तालुक्याच्या गावी सहज मिळावा, एवढी साधी गोष्ट अजून रुळलेली नाही.

औद्योगिक वसाहतीची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. तिचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. दांडी, नवापूर, मुरबे इथल्या खाड्या आणि किनारा बिघडला, ही मच्छीमारांची जुनी तक्रार. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि २०२२ मध्ये लवादाने उद्योगांवर आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाईची जबाबदारी ठेवली. कारखाने रोजगार देतात आणि खाडी काय देते, असे विचारणारे भेटतात. कोळंबीचे तळे, खेकड्याचा पिंजरा, कालवांचा दोर यांना लागणारे पाणी त्याच खाडीतून येते. कालव तर पाणी गाळूनच जगते, पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठते. खाडी मेली तर कारखान्याबाहेरचे हे सगळे रोजगार जन्मायच्या आधीच जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तिथेही नोकऱ्यांचे आकडे मांडले जात असताना, जाणाऱ्या कामांची वजाबाकी त्याच कागदावर मांडायला हवी.

दोन उदाहरणे

नुसती तक्रार करून मला थांबायचे नाही. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत दोन नावे आपल्या कामाची आहेत. एक पुणे जिल्ह्यातली 'शाश्वत' ही संस्था. घोड नदीवरच्या डिंभे धरणाने आंबेगाव तालुक्यातल्या आदिवासींच्या जमिनी बुडाल्या. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी या धरणग्रस्तांबरोबर काम केले. ज्या पाण्याने जमीन बुडवली त्या पाण्यावर हक्क मागितला गेला, मच्छीमारांची सहकारी संस्था झाली, आणि वर्सोव्याच्या संस्थेने जलाशयात पिंजरे लावून मत्स्यबीज वाढवायला शिकवले. हे लोक परंपरेने मच्छीमार नव्हते. जाळे विणण्यापासून शिकले.

दुसरे नाव पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशातल्या कालवे गोळा करणाऱ्या बायकांच्या 'ट्राय' या संघटनेचे. कांदळवनातली कालवे काढणे हे तिथे गरीब बायकांचे काम, आपल्याकडे खडकांवरची कालवे फोडतात तसेच. त्या एकत्र आल्या, काही महिने कालवे न काढण्याचा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला, आणि २०१२ मध्ये त्यांच्या सरकारने तान्बी पाणथळीतल्या कालवांचा हक्क त्यांच्याच संघटनेला दिला. डिंभे असो की गांबिया, दोन्हीकडे क्रम एकच दिसतो. हक्क आणि शिक्षण हातात हात घालून आले, आणि मगच उत्पन्न वाढले.

आपल्याकडे या क्रमाला लागणारे कायदे आहेत. पालघरचे तलासरी, डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या लहान जलाशयांचे नियोजन पंचायतींकडे दिले. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासळीवरचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. २०१२ मध्ये राज्याने कांदळवन कक्ष काढला, त्याच्या उपजीविका योजनेतून बचत गटांच्या बायका खाडीकाठी खेकडे, कालवे आणि शिनाणे वाढवू लागल्या, सिंधुदुर्गात त्याची सुरुवात चांगली झाली. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के, इतरांसाठी ४० टक्के अनुदान ठेवले गेले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला.

पण अनुदानाला सातबारा लागतो, आणि उरलेले ४० टक्के आधी खिशात असावे लागतात. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिच्या नावावर अर्ज भरून तळे दुसऱ्याचेच चालले, तर कागदावर महिला लाभार्थी वाढतील आणि बांधावर काहीच बदलणार नाही. म्हणून वैयक्तिक अनुदानाइतकाच, गटाला दीर्घ मुदतीने पाणी देण्याचा विचार व्हायला हवा. तळ्यावरच्या जोडप्यातल्या दोघांची नावे हजेरीत यायला हवीत. त्यांच्या हंगामांची नोंद असलेला दाखला त्यांच्या हाती असायला हवा, म्हणजे मालक बदलला तरी अनुभव वाया जाणार नाही.

आणखी एक शंका किनाऱ्यावर नेहमी ऐकू येते. सगळ्यांना दार उघडले तर कोळी-मांगेल्यांचे काय? शंका रास्त आहे. बाहेरचे भांडवल आले आणि सगळ्यांनाच मजूर करून गेले, अशी उदाहरणे आहेत. पण वारल्याला तंत्रज्ञ केल्याने मांगेल्याचे काही जात नाही. उलट भरती-ओहोटी, वारा आणि खाडीचा तळ जाणणारा मांगेला, तळ्याचे पाणी वाचणारी वारली बाई आणि महाविद्यालयातून आलेला पदवीधर, हे तिघे एका संस्थेत आले तर बाहेरच्या भांडवलाशी बोलायला बळ येईल. सातपाटीने सहकार केला तेव्हा समोर दलाल होता, आता समोरचा पक्ष मोठा आहे, म्हणून सहकाराचे वर्तुळही मोठे हवे.

मासे धरण्याच्या इतिहासात कोण होडीवर आणि कोण किनाऱ्यावर, हे आपल्याला विचारून ठरले नव्हते. मासे पिकवण्याचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत लिहिला जातो आहे. बांधावरचे ते कुटुंब त्यात राखणदार म्हणून नोंदले जाणार की शेतकरी म्हणून, हे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ठरेल. ते ठरवण्यात आपल्या ग्रामसभांनी, सोसायट्यांनी आणि शाळांनी गप्प बसू नये.